आईच्या गोळ्या आणि तुमचा खोकला

प्रिय बाबा,

मुलीने बापाला घरी येऊ नका म्हणावं का? तुम्ही परत यायला निघालात, म्हणून विचारते.

सांधेवाताच्या नव्या गोळ्यांनी आईची बोटं वळायला लागलीत. परवा तिने स्वतःची वेणी घातली आणि म्हणाली, "आता तुला सुट्टी." पण त्या गोळ्या प्रतिकारशक्ती दाबतात. तुम्हाला क्षय झाल्याचं ऐकून डॉक्टर म्हणाले, तुमच्या थुंकीच्या तपासणीत जंतू दिसेनासे होईपर्यंत तुम्ही दोघांनी एका घरात राहायचं नाही.

आई म्हणते, "गोळ्या राहू देत, माणूस येऊ दे. आलीय मोठी ग्रॅज्युएटबाई."

हे पत्र मी टाकणार नाही. तुम्हाला काका सांगतील. त्यांच्या गॅरेजवरची रिकामी खोली मी सकाळीच झाडली आणि तुमची गादी तिथे नेऊन घातली.

तुमची,
ग्रॅज्युएटबाई