आज पाहुणे आहेत

५ फेब्रुवारी

बाबा,

नमस्कार करते. तुमचं पत्र मिळालं. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि दादा मधे बसून सांगतो ते अर्धंच असतं, तेव्हा पत्रच बरं हे पटलं. वहिनीला सांगा, स्वेटर छान बसला. बाह्या जरा लांब आहेत, पण माझा अर्धा फळा त्यांनीच पुसला जातो.

खोली लहान आहे आणि स्वच्छ. खिडकीतून शेजारच्या इमारतीची मागची भिंत दिसते, त्यावरून उतरणारा पाण्याचा पाइप आणि एका गॅलरीत उपडी ठेवलेली बादली. घरमालकीण एकटी असते. बोलते कमी, ऐकते त्याहून कमी. रोज सकाळी विचारते, "शाळेला ना?" मी म्हणते, "हो." एवढ्यावर आमचं उत्तम चाललं आहे.

वर्ग नऊ-दहा वर्षांच्या मुलांचा आहे. माझं नाव त्यांच्या जिभेवर बसेना, म्हणून त्यांनी त्याचं शेपूट कापून टाकलं. आता मी अर्ध्याच नावाची बाई आहे. अपूर्णांक शिकवते आहे, तेव्हा शोभतं.

माझ्या मार्गदर्शक बाई मागे मुलांच्याच छोट्या खुर्चीवर बसतात, गुडघे छातीशी घेऊन. पाठ संपला की एकच गोष्ट सांगतात. "सांगून टाकू नकोस. थांब." मी प्रश्न विचारते आणि वर्ग गप्प राहतो. आपल्याकडे असं झालं की आपण उत्तराचं पहिलं अक्षर देतो आणि उरलेलं सगळा वर्ग मिळून ओरडतो. इथे पहिलं अक्षर दिलं तर मुलं नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहतात, पुढचं मीच म्हणावं म्हणून.

खिडकीपाशी एक मुलगी बसते. तिला काही कळलं नाही की ती तसं सांगते. मोठ्याने, रोज, एकदा सोडून दोनदा. लाजत नाही. बाकीची मुलं हसतही नाहीत. मलाच ओशाळल्यासारखं होतं.

पुढच्या आठवड्यात आमच्या अध्यापक विद्यालयातून परीक्षक येणार आहेत. तो पाठ चांगला झाला तरच मला पुढच्या सत्रात स्वतंत्र वर्ग मिळेल. नाहीतर नाही. तुम्ही लिहिलंत, "तपासणीचा पाठ कसा घ्यायचा हे माझ्या मुलीला शिकवायला नको." खरंच नको. लहानपणापासून बघत आले आहे.

तब्येतीला जपा. गोळ्या वेळेवर घ्या, आणि घेतल्या असं वहिनीला खोटं सांगू नका.

तुमची,
धाकटी


२१ फेब्रुवारी

बाबा,

नमस्कार. पत्राला उशीर झाला. पाठ झाला.

मधे बरंच फिरले. बाहेर आलोच आहोत तर देश बघावा, असं तुम्हीच निघताना म्हणाला होतात. मंगळवारी बसने शेवटच्या थांब्यापर्यंत गेले. तिथे एक तळं आहे. होड्या काठाला साखळीने बांधलेल्या होत्या आणि तिकिटाच्या खिडकीवर आतून पुठ्ठा लावला होता. बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांनी विचारलं, "होडीसाठी आलात?" मी म्हटलं, "नाही, सहज." ते म्हणाले, "बरं झालं. होडी उन्हाळ्यात सुटते." मग आम्ही दोघं तळ्याकडे बघत बसलो. त्यांनाही कुठे जायचं नसावं.

दुसऱ्या एका दिवशी घड्याळांचं संग्रहालय पाहिलं. मी एकटीच होते. दारावरच्या बाईंनी सांगितलं की चालू घड्याळं एकाच खोलीत आहेत, बाकीची नुसती बघायची. त्या माझ्यामागून प्रत्येक खोलीत आल्या आणि माझं बघून झालं की दिवा बंद करत गेल्या.

रेल्वेनेही एकदा गेले. डोंगर लागले, बोगदे लागले, एका स्टेशनवर उतरून उलट्या गाडीने परत आले. गाडीत झोप चांगली लागते.

तुम्ही आपल्या शाळेच्या संस्थेच्या अध्यक्षांकडे माझ्या नोकरीसाठी शब्द टाकलात हे वाचलं. एवढी घाई कशाला, बाबा. गल्लीत सगळ्यांना माझे फोटो दाखवता असं वहिनी लिहिते. शाळेसमोरचा फोटो कृपा करून दाखवू नका. त्यात माझे डोळे मिटलेले आहेत.

घरमालकीण अजून रोज विचारते, "शाळेला ना?"

सगळ्यांना नमस्कार, आशीर्वाद.

तुमची,
धाकटी


१४ मार्च

बाबा,

हे पत्र एकट्याने वाचा. दादा आणि वहिनी घरात नसताना.

तुमच्या पत्रातली शेवटची ओळ वाचून कळलं की तुम्हाला संशय आला आहे. "मंगळवारी शाळा नसते काय तिकडे?" इतकी वर्षं हजेरी घेतलेल्या माणसापासून गैरहजेरी लपत नाही. शाळा असते. मी नसते. मला वर्गातून काढलं आहे. रोज सकाळी डबा घेऊन निघते, संध्याकाळी परत येते. मधला वेळ बसमध्ये, तळ्यावर, संग्रहालयात जातो. त्यालाच मी देश बघणं म्हटलं.

झालं ते असं. परीक्षक येण्याच्या आदल्या दिवशी मार्गदर्शक बाई बैठकीला गेल्या होत्या. वर्ग माझ्या एकटीकडे होता. मी दुसऱ्या दिवशीचा पाठ तसाच्या तसा घेऊन टाकला. तेच प्रश्न, तीच उदाहरणं. मग मुलांना सांगितलं, उद्या पाहुणे येतील तेव्हा प्रत्येक प्रश्नाला सगळ्यांनी हात वर करायचा. येत असेल त्याने उजवा, येत नसेल त्याने डावा. मुलांना खेळच वाटला. दोनदा करून दाखवलं त्यांनी.

मला यात काही वाईट करते आहे असं वाटलं नाही. तुमच्यासमोर शपथ घेऊन सांगते, एक क्षणही वाटलं नाही. स्वैपाकाआधी हात धुवावे तसं मी ते केलं.

पाठाच्या दिवशी शाळेनेही भिंतीवरचे कागद बदलले होते आणि मुख्याध्यापिका नवा कोट घालून दारात उभ्या होत्या. पाठ सुरेख झाला. मी विचारलं, दोन तृतीयांश मोठा की तीन चतुर्थांश? सगळे हात वर. मी उजव्यांना उठवत गेले. परीक्षक मागे बसून मान डोलावत होते. भला माणूस. त्यांना वर्ग इतका आवडला की ते उठून पुढे आले आणि त्यांनी स्वतःच खिडकीजवळच्या मुलीला विचारलं, "तू सांग."

ती म्हणाली, "मला नाही विचारायचं. माझा डावा आहे."

त्यांना कळेना. तिने समजावून सांगितलं. चुगली नव्हती ती, बाबा. नवीन माणसाला खेळाचे नियम सांगावेत तसं सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं, "मग तुला येत नाही ते बाई शिकवतात कधी?"

"आज नाही," ती म्हणाली. "आज पाहुणे आहेत."

वर्गात कुणी हसलं नाही. हात अजून वरच होते. मी खाली करायला सांगायचं विसरले होते.

नंतर मार्गदर्शक बाईंनी मला बाहेर व्हरांड्यात नेलं. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला काय करायचं ते माहीत होतं. त्यांनी विचारलं, "हे तुला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही."

"नीट विचार करून सांग. तुमच्याकडे अशी पद्धत असेल, तू अशाच शाळेत वाढली असशील, तर विद्यालयाच्या समितीला तसं लिही. शिकलेली गोष्ट मोडता येते. तुला आणखी एक सत्र देता येईल."

"मीच शोधून काढलं," मी म्हटलं.

त्यांना ते खरं वाटलं नाही, पण कागदावर तेच गेलं. समितीने माझं प्रशिक्षण रद्द केलं. स्वतःच्या डोक्याने असं करणाऱ्या व्यक्तीला मुलांपुढे उभं करता येणार नाही, असं त्यांनी लिहिलं. माझ्या सांगण्यावरून त्यांनी दुसरं काय लिहायचं?

मी तुम्हाला वाचवलं असं समजू नका. तुम्हाला तिथे कोण ओळखतं? मी तसं लिहिलं असतं तर मला ते खरं मानावं लागलं असतं, एवढंच. आणि मग दादाचं काय, हा प्रश्न आला असता.

तो आलाच. बसमध्ये बसलं की तो शेजारी येऊन बसतो. आपल्या शाळेत दोन इयत्ता एका खोलीत भरायच्या, म्हणून दादा मला दिसायचा. तपासणीचे साहेब आले की त्याचा डावा हात सगळ्यांच्या आधी वर जायचा, अगदी कानाला चिकटून, ताठ. माझा उजवा. साहेब खूश होऊन जायचे आणि तुम्ही आम्हाला लवकर सोडायचात. डाव्या हातांना मग कधी शिकवलंत, ते मी आठवून बघते आहे. आठवत नाही. मी लहान होते, माझ्या लक्षात नसेल. तुम्हाला आठवत असेल तर लिहा. आजही कागद आला की दादा तो वहिनीकडे सरकवतो आणि आपण सगळे म्हणतो, स्वभावच भिडस्त आहे त्याचा.

काल शाळेतलं सामान आणायला गेले. ती मुलगी फाटकापाशी भेटली. म्हणाली, "मी चुकीचा हात वर केला का?" मी म्हटलं, "नाही. बरोबर केलास." तिने विचारलं, "मग तुम्ही येत का नाही?" मी म्हटलं, बरं नाही मला. मग तिची आई आली.

महिनाअखेरीला निघते. स्टेशनवर कुणाला आणू नका.

अध्यक्षांकडे टाकलेला शब्द परत घ्या, असं लिहिणार होते. लिहून खोडलं. तुम्ही घेणार नाही, आणि मीही तुम्हाला घेऊ देणार नाही, कारण मला दुसरं काही येत नाही आणि घरी बसून तुमच्याकडे बघत राहणं मला जमायचं नाही. जूनमध्ये मी आपल्या शाळेत रुजू होईन. तिथे कुणी काही विचारणार नाही. पहिल्याच वर्षी तपासणी लागेल, आदल्या दिवशी वर्ग माझ्याकडे असेल, आणि मी मुलांना काय सांगेन ते तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत आहे. नाही सांगणार, असं मी रोज ठरवते. बस शेवटच्या थांब्यावर पोचेपर्यंत ते टिकत नाही.

गोळ्या घ्या.

तुमच्यावर गेलेली,
तुमची मुलगी