आईचं पत्र, मोठ्यानं

आई, आशीर्वाद दे.

मी हवानात बरा आहे, वेळेवर जेवतो. घसा तेवढा बसतो, पण मध घेतो.

वाचन सुटलं का, असं विचारतेस. अगं, दिवसभर तेच करतो! कारखान्यात सिगार वळणाऱ्या दीडशे माणसांना उंच खुर्चीवरून वाचून दाखवायचं, सकाळी वर्तमानपत्र, मग पुस्तक. पुस्तक ते मतं घेऊन ठरवतात. एकच रडकी कादंबरी तिसऱ्यांदा चालली आहे. खोलीवर स्वतःचं पुस्तक उघडलं की आवाज आपोआप फुटतो आणि भिंतीपलीकडून शेजारीण ओरडते, "जरा मोठ्यानं की!" म्हणून रेडिओवर व्हायोलिन ऐकतो. त्यात शब्द नसतात, तेवढंच माझं एकट्याचं.

मंगळवारी तेच सूर डोक्यात घोळत होते. तुझं पत्र कारखान्यात वाचायच्या वर्तमानपत्रात ठेवलं होतं. उसाची बातमी संपली आणि समोर आलं ते वाचत गेलो: "तुझी खाट अजून हलवली नाही. बाबा रोज तिची चादर झटकतात."

मी थांबलो. सिगार वळणारी म्हातारी ओब्दुलिया खालून म्हणाली, "काय रे, जीभ गिळलीस? वाच पुढं!" सगळ्यांनी तंबाखूची पानं कापायची पाती फळीवर ठोकली. इथे टाळ्या अशाच वाजतात. पत्र शेवटपर्यंत वाचावं लागलं.

आता मतं घेऊन ठरलंय: तुझं पत्र आलं की कादंबरी बाजूला, आधी पत्र.

बाबांची कंबर कशी आहे? ओब्दुलियाला दोन ओळी लिही, ती वाट बघते. आणि जे फक्त मलाच सांगायचं असेल, ते लिहू नकोस.

तुझा,
एलादियो