हातात किती पडतं

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्यावर चिडणंसुद्धा शिळं झालंय. तरी आज कपाट आवरताना पुन्हा चिडले. केदारखेड्याचं आपलं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे आलं. आई भाकरी थापतेय, मी चहा गाळतेय आणि तुम्ही, अख्ख्या गावाचे गुरुजी, पाटावर बसून लंडन आणि हॅम्बुर्ग तोलताय. जालन्याहून नर्सिंग शिकून आलेली पोरगी समोर उभी होती. तिला कुठं जायचंय हे विचारायची सवड तुम्हाला नव्हती.

लंडनला माझी मैत्रीण होती. तिचं पत्र तुम्ही मोठ्यानं वाचलंत. पगार बरा, पण कर कापून, खोलीचं भाडं, बसचं भाडं, खोली ऊबदार ठेवायचा खर्च जाऊन महिनाअखेर हात रिकामे. हॅम्बुर्गला दवाखान्याचीच खोली, जेवण पगारातून वळतं, आणि हातात पडेल ते पुष्कळ.

"हॅम्बुर्गच बराबर," तुम्ही निकाल दिलात.

"आबा, तिथली भाषा येत न्हाई मला. बोलू कुणाशी?"

"बोलायचं कमी, मंग खर्चबी कमी!"

वा रे गणित! वर्षानुवर्षं पोरांच्या हातावर छड्या मारून हेच शिकवलंत का? हॅम्बुर्गच्या खर्चात मी कोट धरला होता. तो तुम्ही उडवलात. "कोट कशाला? घोंगडं ने." आई चुलीवरून मान न उचलता म्हणाली, "अन् परत यायचं भाडं कशात धरलं?" "तू तव्याकडं बघ," तुम्ही तिच्यावर खेकसलात. ती तव्याकडे बघत राहिली.

निघताना ते घोंगडं तुम्ही असं हातात ठेवलंत, जसं काही शालजोडीच देताय. घोंगडं पांघरून हॅम्बुर्गच्या रस्त्यानं ड्यूटीवर जाता येत नाही, हे गुरुजींना कुणी सांगावं? दोन स्वेटर एकावर एक चढवून मी हिवाळे काढले आणि पैसे पाठवत राहिले. आई गेली, तेव्हा तुमचं पत्र सगळं उरकल्यावर आलं. येण्याचा खर्च करू नकोस, तेच पैसे धाकट्या भावाच्या दुकानासाठी पाठव. मी पाठवले. लाज कशी वाटली नाही हो तुम्हाला? तिच्या नावानं दोन ओळी तरी लिहायच्या होत्या. आणि पारावर बसून मिरवायला मात्र पुढे, की पोरगी साहेबाच्या मुलखात हाय.

मग तुम्ही अंथरूण धरलंत. धाकट्याची तार आली, लवकर ये. मी उलट तार केली, तिकीट परवडत नाही. पुढे तो मला म्हणाला, ती तार तुम्ही दोनदा वाचून घेतलीत, मान हलवलीत आणि म्हणालात, "बराबर हाय तिचं." त्यानंतर तुम्ही माझं नाव काढलं नाही. तिसऱ्या दिवशी गेलात.

हे पत्र मी कुठं टाकणार नाही. टपालाचा एक पैसाही आता तुमच्यावर घालवायचा नाही मला. फक्त एवढं सांगते. तिकिटापुरते पैसे होते, आबा. त्यांचा मी कोट घेतला. आता मी परत जालन्यात राहते, इथं तो अंगावर घालावा अशी थंडी काही पडत नाही. आज कपाटातून तोच निघाला.