करवंदाचा पाय

प्रिय अंजू,

तू वाशिंदच्या बेकरीत 'पाय', म्हणजे पिठाच्या पारीत फळं भरून भाजायचा तो इंग्रजी गोड पदार्थ, शिकलीस, तेव्हा किन्हवलीच्या सभेत मी गरजलो होतो, "माझी सख्खी बहीण आज साहेबांचा पाय भाजते, उद्या त्यांचे पाय चाटेल!" सभा खदखदून हसली. त्यानंतर दोन वर्षं तू घरी आली नाहीस.

काल तुझा डबा आला. वर चिठ्ठी होती: 'करवंदं आपल्याच रानातली. दादा, कोंबडा का कोंबडी?'

लहानपणी करवंद फोडण्याआधी आपण हेच ओरडायचो. आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी.

झाकण काढलं आणि मी थक्क झालो. पायच्या वरच्या पिठाच्या पट्ट्या तू टोपलीसारख्या विणल्या होत्यास, एक खाली, एक वर. जन्मभर टोपल्या विणलेल्या आईला आता दिसत नाही. तिने नुसती बोटं फिरवली.

"ही माजी वीण हाय रं, जगन! पोरीनं खायची टोपली केली."

मी तुकडा मोडला. आत लालभडक. हजारांपुढे गरजणारा मी कागद घेऊन तुला लिहायला बसलो.

पण हे पत्र मी टपालात टाकणार नाही. अपमान चारचौघांत केला, मग माफी पाकिटात घालून कशी पाठवू? उद्या येतो. बेकरीच्या दारात, सगळ्या गिऱ्हाइकांदेखत ओरडेन, "कोंबडा!"

तुझा चुकलेला,
जगनदादा