नवसात अडकलेली जीप

मुलुंड (पूर्व),
रविवार, सकाळचा दुसरा चहा झाल्यावर

तीर्थरूप गुणाजीमामांच्या पायांवर भाचा चंद्रप्रकाश याचं डोकं, आणि विमलामामीच्या पायांवरही तेच.

इथे आम्ही सगळे धडधाकट आहोत, म्हणजे माणसं तरी. तिकडे तुमचा गुडघा कसा आहे? मामीची कंबर? तांबू गाय व्याली का? (व्याली असल्यास खरवस सीतारामबरोबर पाठवू नये. मागच्या खेपेला त्याने तो पनवेललाच संपवला आणि आम्हाला रिकामा डबा देऊन वर सांगितलं, की फार छान झाला होता.)

हे पत्र मी जीपमध्ये, ड्रायव्हरच्या जागेवर बसून लिहितोय. मांडीवर वहिनीचा पोळपाट आहे. बसायला एकदम ऐसपैस, कारण समोर स्टिअरिंग नाही. ते कुठे आहे हे तुम्हाला माहीत असणार, कारण पत्र पोचेपर्यंत सीतारामने ते तुमच्या ओटीवर आणून टाकलेलं असेल. वहिनीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलंय, वर सुतळी आहे. मामीला वाटेल मुंबईहून परात आली. परात नाही. नंदकुमारदादाने ते का पाठवलं, ते त्याने चिठ्ठीत लिहिलंच असेल, पण दादाची चिठ्ठी म्हणजे कारखान्याच्या स्टोअरमधल्या पावतीसारखी, माल काय तेवढंच कळतं. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहितो.

ही जीप माझ्याकडे कशी आली ते तुम्हाला सांगायचं राहून गेलंय. मरोळच्या गावठाणातला माझा दोस्त बॅप्टिस्ट, त्याचे वडील सांताक्रूझच्या विमानतळावर खडी टाकायची कंत्राटं घ्यायचे. जीप त्यांची. ते गेल्यावर ती विहिरीशेजारी उभी राहिली आणि तिच्यात कोंबड्या राहायला आल्या. बॅप्टिस्टची आई, ल्युसीआंटी, एक दिवस मला म्हणाली, तुला गाडीचा एवढा शौक आहे तर घेऊन जा, कोंबड्या तेवढ्या ठेव. (एक कोंबडी सीटखाली राहिली होती. ती मुलुंडला निघाली. तिचं पुढे काय झालं ते दादाला विचारा, रस्सा त्यानेच दोनदा घेतला.) मीटर एकदा नऊ-नऊ-नऊ होऊन पुन्हा शून्यावर आलेला, आणि दुसऱ्या फेरीत अर्ध्यावर येऊन कायमचा थांबलेला. दादा म्हणतो गाडी म्हातारी आहे. मी म्हणतो वय चोरते.

मामा, तुम्हाला माझं ठाऊक आहे. शाळा मी सोडली की शाळेने मला, यावर आई असेपर्यंत वाद होता. विमानतळावर सामान उचललं, माहुलला टाक्या रंगवल्या, घाटकोपरला एका बँडमध्ये खुळखुळा वाजवला (झांजा देणार होते, पण वशिला नव्हता). कुठेच बूड टेकलं नाही. पण या जीपच्या सीटवर, जिचं स्प्रिंग मला रोज एकाच ठिकाणी टोचतं, तिथे मी तीन वर्षं बसून आहे. पहाटे माहुलच्या कोळणींच्या पाट्या मुलुंडच्या बाजारात आणायच्या, दुपारी कोणाचे मांडवाचे बांबू, संध्याकाळी कोणाचं कपाट. वासाबद्दल शेजारी बोलतात. बोलू देत. मासळी खाताना कोणी बोलत नाही. ही गाडी गेली की मी परत रस्त्यावर, म्हणजे पायी.

आता मूळ मुद्दा. बॅप्टिस्टच्या बहिणीचं, बेटीचं, लग्न होतं. आम्ही तिघे निघालो. मी चालवायला, दादा शेजारी त्याच्या स्वतःच्या लग्नातल्या सुटात (पोट सोडून बाकी सगळीकडे अजून बसतो), आणि सुगंधावहिनी मागे, मांडीवर आहेराचा स्टीलचा हंडा घेऊन. पवईपर्यंत गाडी अशी चालली की दादासुद्धा काही बोलला नाही. तलावाजवळच्या उतारावर मी ब्रेक दाबला, तर पाय थेट खाली गेला, चिखलात जातो तसा. पुन्हा दाबला. पुन्हा चिखल. समोर रस्ताभर तबेल्यातल्या म्हशी, आणि म्हशी कशा चालतात ते तुम्हाला सांगायला नको, कुडाळच्या असोत नाहीतर पवईच्या. मी हँडब्रेक ओढला, तो हातात आला. तो मी दादाच्या हातात दिला (घाबरल्यावर माणूस असं करतो), आणि दादाने तो मागे वळून वहिनीच्या हंड्यात नीट ठेवला. मग त्याने डोळे मिटले आणि त्याचे ओठ हलायला लागले. मला वाटलं शिव्या देतोय. माझ्याकडे शिव्यांनाही वेळ नव्हता. माझ्या तोंडून आपलं गाऱ्हाणंच बाहेर पडलं, तुम्ही देवळात घालता तसं, मोठ्याने:

"बा रवळनाथा, थांबव रे म्हाराजा. थांबवलंस तर हीच गाडी तुझ्या दारात आणून उभी करतंय."

गाडी थांबली. म्हशी सोडून, रस्ता सोडून, तबेल्यामागच्या शेणाच्या डोंगरात बॉनेटपर्यंत शिरून थांबली. म्हशींनी आमच्याकडे बघितलं. कोणाला खरचटलंही नाही. दादा मात्र काच नसलेल्या बाजूला बसला होता.

मरोळला आम्ही पोचलो (कसे, ते सोडा, हंड्याचा उपयोग झाला एवढंच सांगतो), तेव्हा चर्चबाहेरचा बँड आम्हाला बघून आपोआप थांबला. ल्युसीआंटीने दादाला आत नेलं, आंघोळ घातली म्हणाल तर जवळजवळ घातलीच, आणि आपल्या नवऱ्याचा कोट दिला. ज्याची गाडी त्याचाच कोट. त्याच कोटात दादा नंतर बँडपुढे नाचला, हे कोणाला सांगू नकोस असं त्याने बजावलंय, म्हणून फक्त तुम्हाला लिहितोय. गाडी बॅप्टिस्टने कसाबसा ब्रेकचा पाइप बांधून दुसऱ्या दिवशी मुलुंडला आणून सोडली. दादा-वहिनी बसने आले.

दुसऱ्या आठवड्यात दादाने भांडुपचा मिस्त्री घरी बोलावला. त्याने गाडीभोवती प्रदक्षिणा घातली, खाली शिरला, वर आला, आणि आजारी माणसाच्या घरच्यांना बाजूला घेतात तसं दादाला बाजूला घेतलं. ब्रेक करून होतील म्हणाला, पण इंजिन धूर खातंय, गिअर मनाला येईल तेव्हा पडतात, आणि खालचा पत्रा रंगावर टिकून आहे. एवढं सगळं करण्यापेक्षा दुसरी जीप घेऊन तिला हिचं नाव ठेवा. दादा म्हणाला, बस्स, कुर्ल्याचा भंगारवाला रविवारी येतोय. मी म्हटलं, मामांच्या गुडघ्यासाठी मालवण झालं, बेळगाव झालं, मिरज झालं, गुडघा अजून जिना चढताना बोलतो. म्हणून मामीने भंगारवाल्याला बोलावलं का? (राग मानू नका, मुद्दा चांगला होता म्हणून तुमचा गुडघा वापरला.) दादा म्हणाला, मामांना घेऊन कोणी उतारावरून जात नाही.

तेव्हा मी हुकमाचं पान टाकलं. गाडी विकता येत नाही. गाडी नवसाची आहे. आधी देवाच्या दारात जाईल, मग काय ते.

दादाचा चेहरा एकदम उतरला. कारखान्यात तो कोणाला भीत नाही, पण आपल्या घरात नवस बुडवायची पद्धत नाही हे त्यालाही ठाऊक. बघा आता पेच. नवस फेडायचा तर गाडी कुडाळपर्यंत गेली पाहिजे. जायची तर दुरुस्त केली पाहिजे. आणि एवढी दुरुस्त केल्यावर भंगारात घालायला आम्ही काय वेडे आहोत? मी आपला खूश. देवाने गाडी तर थांबवलीच, वर दादालाही थांबवलं.

पण दादा शेवटी दादा आहे. चार दिवस विचार करून त्याने तोड काढली. सत्यनारायणाला बायको गैरहजर असली तर तिच्या जागी सुपारी ठेवून पूजा करतात की नाही? मग गाडीच्या जागी स्टिअरिंग. गाडी म्हणजे शेवटी काय, स्टिअरिंगच. ते सीतारामबरोबर एसटीने पाठवायचं, मामा देवापुढे ठेवून नारळ फोडतील, नवस फिटला, इथे बाकीचं भंगारात. मी माहुलला गेलो होतो, बसने, तेवढ्यात त्याने पाना घेऊन स्टिअरिंग काढलं. (उलट्या बाजूने फिरवत होता म्हणे, वहिनीने दाखवलं. वहिनीने का दाखवलं, हे मला अजून कळलेलं नाही.) त्या दिवसापासून दादा माझ्याशी बोलत नाही आणि कामावरही मागच्या गल्लीतून जातो. पुढच्या दारात गाडी उभी, गाडीत मी, तेव्हा राग असेल.

तर मामा, मानकरी तुम्ही. गाऱ्हाणं तुमच्या तोंडून जातं आणि बाकीचे फक्त 'होय म्हाराजा' म्हणतात. तुम्हीच सांगा, सुपारी बायकोच्या जागी चालते ती बायको माहेरी गेली असेल तर, तिला विकायला काढली असेल तर चालते का? स्टिअरिंग देवळाच्या पायरीवरही ठेवू देऊ नका. नवस चार चाकांचा होता, पाचव्याचा नाही. भंगारवाला आज आला होता. मी आत बसूनच राहिलो. तो म्हणाला, उतरा. मी म्हटलं, माझ्यासकट वजन कर. गेला बिचारा, पुढच्या रविवारी येतो म्हणाला. मी पुढच्या रविवारीही बसणार आहे, त्याच्या पुढच्याही. पोळपाट वहिनीला संध्याकाळी लागतो तेवढाच उठेन.

मामीला नमस्कार, गायीला चारा, आणि तुमच्या गुडघ्याला माझ्याकडून एक माफी.

तुमचा
चंदू

ता. क. पत्र पाकिटात घालणार एवढ्यात वहिनी पोळपाट मागायला आली आणि वेगळंच कळलं. पवईला दादा शिव्या देत नव्हता. तोही नवस बोलत होता. त्याच देवाला, त्याच उतारावर, फक्त माझ्याइतक्या मोठ्याने नाही. तो म्हणाला, देवा यातून सोडव, ही गाडी परत माझ्या दारात उभी राहणार नाही. आणि गाडी तेव्हापासून दारातच उभी, म्हणून तो बिचारा मागच्या गल्लीतून जातोय, देवाला तोंड चुकवत. त्याला ते मला सांगवेना, कारण बोललेला नवस सांगू नये असं त्याला कोणीतरी लहानपणी सांगितलंय (मामा, तुम्हीच). वहिनीने मागे बसून दोन्ही नवस ऐकले होते. मी विचारलं, मग इतके दिवस बोलली का नाहीस? म्हणाली, "मीपण एक बोलले होते, या दोघा भावांना अक्कल दे म्हणून. त्याचा नारळ अजून द्यावा लागलेला नाही."

आणखी एक. मग मी आणि दादा जीपच्या बॉनेटवर बसून बोललो, स्टिअरिंग निघाल्यापासून पहिल्यांदा. दोन्ही नवस एकाच वेळी फिटतील अशी एकच जागा निघते. गाडी देवाच्या दारात यायची, आणि आमच्या दारात परत उभी राहायची नाही. म्हणजे ती तुमच्या दारात राहायची. तेव्हा मामा, गोठ्याशेजारच्या मांगरातला पेंढा एका बाजूला सारून ठेवाल का? गाडीपुरती जागा हवी. आणि मामीला सांगा, सकाळच्या पेजेत मूठभर तांदूळ जास्त घालायचे, कारण ती एकटी राहणार नाही, मीही तिच्याबरोबर राहीन म्हणतो. कुडाळच्या स्टँडवर उतरलेली माणसं वाडीपर्यंत डोक्यावर बोचकी घेऊन चालतात. आंब्याच्या पेट्या असतात, बाळंतिणी असतात, तुमचा गुडघा असतो. तिकडे लोकांनी जीप फक्त निवडणुकीत बघितलीय. एकदा बसू दे त्यांना. खरं तर सगळं पत्र एवढंच विचारायला लिहिलं असतं, पण लिहायला बसलो तेव्हा मला हे माहीत नव्हतं. तुम्ही नाही म्हणालात तरी मी येणारच, पण हो म्हणालात तर बरं वाटेल.

आणि हे शेवटचं. स्टिअरिंग आल्या पावली परत पाठवा, त्याशिवाय निघता येत नाही. लुगडं मामीने ठेवून घेतलं तरी चालेल. ब्रेक दादा स्वतः उभा राहून करून घेतोय, मिस्त्रीच्या डोक्यावर बसून. तोही येणार आहे, स्वतःचा नवस स्वतःच्या तोंडाने सांगायला. मात्र तो मागे बसणार, वहिनी पुढे, आणि त्याची एकच अट आहे, की घाट उतरेपर्यंत गाडीत कोणी नवस बोलायचा नाही.