भरलेली बंदूक आणि ती बाटली

रुपेशचे बाबा,

बंदुकीचं लायसन नवं करून देणारा तो साहेब नालायक आहे. आपल्या ओटीवर बसून तुमच्या हातची मोहाची दारू प्यायला, पोराच्या नेमाचं कौतुक केलं, पण बंदूक ठेवता कुठं हे त्यानं नाय विचारलं. आत डोकावला असता तर बंदूक आणि बाटली एकाच खुंटीला दिसली असती.

आज दुपारी मी अंगणात भात वाळवत होते. रुपेशनं ती बाटली तोंडाला लावली आणि बंदूक काढून धाकट्या सोनीवर धरली. "डुक्कर आला गो," म्हणाला. सोनी हसत होती. त्यानं चाप ओढला. ठिणगी पाडणारी केप सादळलेली होती म्हणून बार उडाला नाय.

कानाखाली दिली तर म्हणतो, "आये, शेताच्या राखणीला गेल्यावर बाबाच सांगतात, एक घोट घेतला की हात थरथरत नाय." पंधरा वर्षांचं पोर. मला किळस आली, पण त्याची नाय, तुमची.

बाटलीत उरलेली सगळी दारू मी बंदुकीच्या नळीत ओतली, आतली बारूद भिजवून टाकली. पोरांना घेऊन मुरबाडला दादाकडं जाते. भाकरी टोपलीत आहे. भात झाकून ठेवा.

शेतावरून आल्यावर बंदूक रिकामी करायची असते. तुमाला परत बारूद-छरे ठासायचा कंटाळा, म्हणून भरलेलीच टांगता. सोनी मेली असती तर तुमी पोलिसांना कोणाचं नाव सांगितलं असतं, तुमचं की रुपेशचं? दादाच्या घरी या आणि पोरासमोर सांगा.

कुंदा