पाणी देणारी

बाळा,

सांगतेय मी, लिहितेय तुझी लेक. अक्षर तिचं, टोमणे माझे.

शाळेत स्वतःबद्दल बोलायला सांगितलं, तर ही म्हणाली, "मला सुतारकाम शिकायचंय." तू फोनवर चिडलास, "आई, पोरगी फार मी-मी करते. सुतारकामाचं नाव काढायचं नाही."

अरे, तिच्या वयात मला कोणी विचारलं असतं, तर मी वडिलांचं दुखणं नि भावाची नोकरी सांगितली असती. त्या गोष्टीत मी फक्त पाणी द्यायला येते. आम्हाला वळणच तसं लावलं होतं.

दुपारी लिहिता लिहिता हिने विचारलं, "आजी, तुला काय हवं होतं गं?" संध्याकाळ झाली, आठवून आठवून दमले. आठवेल तेव्हा दुसरं पत्र टाकू, म्हटलं. सुताराकडे मात्र उद्याच नेतेय तिला.

तुझी,
पाणी देणारी आई